सोलर बसवताना स्लॅबला ड्रिल मारलं आणि घर गळायला लागलं. भरपाई कोणाकडून आणि कशी मिळवायची?

छतावर सोलर पॅनल बसवले. वीजबिल कमी आलं, घरात सगळे खूश झाले. आणि मग पहिल्या जोरदार पावसात बेडरूमच्या छताला ओल आली.

कंपनीला फोन केला, तर उत्तर मिळतं, "बसवायचं काम एजन्सीचं होतं." एजन्सी म्हणते, "मुलं ठेकेदाराची होती." आणि ठेकेदार म्हणतो, "तुमचा स्लॅबच जुना आहे, त्याला आम्ही काय करणार?"

असं फक्त सोलरबाबतच होतं असं नाही. एसीसाठी भिंतीला भोक पाडताना आतली पाण्याची लाइन फुटते. वॉटर प्युरिफायरचा जोड रात्रभर ठिबकतो आणि सकाळी किचन ट्रॉली फुगलेली असते. गिझर नीट न टांगल्यामुळे टाइल्सना तडे जातात. वस्तू चांगली असते, पण ती बसवताना घराचं नुकसान होतं.

अशा वेळी दुरुस्ती आणि भरपाई मागण्याचा हक्क ग्राहकाला कायद्यानं दिलेला आहे. तरीही अनेक जण दोन-चार फोन करून, भांडून, शेवटी स्वतःच्याच खिशातून खर्च करतात. जबाबदार कोण, पुरावा कसा जमवायचा, आधी दुरुस्ती करायची की तक्रार आणि जिल्हा ग्राहक आयोगात कसं जायचं, हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात समजून घेऊया.

नुकसान उशिरा का कळतं?

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातल्या १ कोटी घरांवर सोलर बसवण्याचं उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना आहे. केंद्राकडून २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३० हजार रुपये, त्यापुढच्या एका किलोवॅटला १८ हजार रुपये आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटसाठी जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. त्यामुळे शहरातल्या बंगल्यांपासून गावातल्या स्लॅबच्या घरांपर्यंत सगळीकडे पॅनल दिसू लागले आहेत.

पॅनलचा लोखंडी सांगाडा छतावर दोन प्रकारे उभा करतात. एक म्हणजे स्लॅबला ड्रिल मारून बोल्टनं आवळणं. दुसरा म्हणजे स्लॅबवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवणं. ड्रिल मारलं की स्लॅबवरचा कोबा आणि वॉटरप्रूफिंगचा थर फुटतो. ती भोकं नीट सील केली नाहीत, तर पाणी आत शिरतं.

इथे दोन अडचणी येतात.

पहिली अडचण पावसाची. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्याचा घाटघर-रतनवाडीचा पश्चिम भाग धो-धो पावसाचा आहे. पण पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. तिथे खरा जोराचा पाऊस अनेकदा सप्टेंबरमध्येच होतो. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत बसवलेल्या सोलरमुळे स्लॅबला काय झालं, हे कळायला आठ-नऊ महिने लागू शकतात. तोपर्यंत पूर्ण पैसे दिलेले असतात, काम करणारी मुलं दुसऱ्या गावी गेलेली असतात आणि 'आधी घर गळत नव्हतं' याचा पुरावा कोणी ठेवलेला नसतो.

दुसरी अडचण पाण्याच्या वाटेची. एका भोकातून शिरलेलं पाणी कोब्याखालून सरकत सरकत भलत्याच ठिकाणी ठिबकतं. ओल भोकाच्या बरोबर खाली दिसेलच असं नाही. "आम्ही तर तिकडे ड्रिलच मारलं नाही," हा बचाव इथूनच येतो.

जबाबदार कोण? पैसे कोणाला दिले, ते आधी बघा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत उणीव, निष्काळजीपणा किंवा अपुरेपणा असेल तर त्याला या कायद्यात 'सेवेतील त्रुटी' म्हणतात.

वस्तू बसवून देणाऱ्यांचाही कायद्यात वेगळा विचार केलेला आहे. कलम ८५ नुसार वस्तूशी संबंधित सेवा देणाऱ्यानं सदोष काम केलं, निष्काळजीपणा केला किंवा ठरलेल्या अटींप्रमाणे काम केलं नाही, तर तो नुकसानीला जबाबदार ठरू शकतो. 'हानी' या शब्दाच्या व्याख्येत त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेचं झालेलं नुकसान धरलेलं आहे. म्हणजे पॅनल ठणठणीत असले तरी गळणाऱ्या स्लॅबसाठी दाद मागता येते.

मग कोणाला धरायचं? साधा नियम असा: बिल ज्याच्या नावाचं, करार ज्याच्याशी झाला आणि पैसे ज्याच्या खात्यात गेले, त्याला पहिला प्रतिपक्ष करा. त्यानं काम पुढे कोणाला दिलं, हा त्यांच्यातला व्यवहार आहे. तो ठेकेदार शोधत फिरणं हे ग्राहकाचं काम नाही. मात्र नेमकी चूक कोणाची हे स्पष्ट नसेल तर विक्रेता, बसवणारी एजन्सी आणि कंपनी या सगळ्यांना नोटिशीत आणि तक्रारीत सामील करणं सुरक्षित ठरतं. नाहीतर 'तो इथे पक्षकारच नाही' असं म्हणत प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

'फ्री इन्स्टॉलेशन' असेल तर? पूर्णपणे विनामोबदला दिलेली सेवा या कायद्यात येत नाही. पण एसी किंवा प्युरिफायर विकत घेताना मिळणारं 'फ्री' इन्स्टॉलेशन हे त्या वस्तूच्या किमतीचाच भाग आहे, असा मुद्दा ग्राहकाला मांडता येतो. ऑनलाइन खरेदी असेल तर ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच देणं आणि एका महिन्यात ती निकाली काढणं बंधनकारक आहे.

भाडेकरूंनीही लक्षात ठेवावं की ज्याच्यासाठी सेवा घेतली तो लाभार्थीही 'ग्राहक' ठरतो. पण स्लॅब-भिंतीचं नुकसान घरमालकाचं असतं. त्यामुळे घरमालकाला लगेच लेखी कळवणं आणि शक्य असेल तर दोघांनी मिळून तक्रार करणं चांगलं.

सूर्यघर योजनेतून सोलर घेतलं असेल तर?

या योजनेत ग्राहकाला नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच सोलर बसवून घ्यावं लागतं आणि ग्राहक व पुरवठादार यांच्यात करार होतो. पाच वर्षं देखभालीची जबाबदारी पुरवठादारावर असते. अनेकांनी या करारावर सही केलेली असते, पण प्रत स्वतःकडे ठेवलेली नसते. ती आधी मागून घ्या.

पुरवठादार दाद देत नसेल तर योजनेच्या १५५५५ या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करता येते. सोबत महावितरणच्या स्थानिक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. योजनेत काम मिळत राहण्यासाठी पुरवठादाराला नोंदणी टिकवावी लागते, त्यामुळे अशा तक्रारीचा दबाव येतो. पण भरपाईची रक्कम महावितरण ठरवून देईल, अशी अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी ग्राहक आयोगाचाच रस्ता आहे.

सोलरसाठी बँकेचं कर्ज काढलं असेल तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आणि पुरवठादाराचा वेगळा. हप्ता चुकला तर क्रेडिट स्कोअर तुमचा बिघडतो, पुरवठादाराचा नाही.

नुकसान दिसल्यावर लगेच काय करायचं?

आधी सुरक्षितता. पंखा, बोर्ड किंवा दिव्याजवळ पाणी उतरत असेल तर त्या खोलीचा एमसीबी बंद करा. छतावरच्या सोलरच्या वायरींना हात लावू नका. इन्व्हर्टर बंद असला तरी उजेडात पॅनलमध्ये वीज तयार होत असते. सांगाडा स्वतः किंवा दुसऱ्या मिस्त्रीकडून उघडूनही घेऊ नका, नाहीतर 'तुम्हीच छेडछाड केली' असं म्हणायला जागा मिळते.

मग पुरावा. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात स्पष्ट केलं की, सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते. म्हणजे 'घर गळतंय' एवढं दाखवून भागत नाही. 'घर त्यांच्या कामामुळे गळतंय' हे दाखवावं लागतं. त्यासाठी या गोष्टी जमवा:

• काम होण्याआधीचे फोटो. गॅलरीत शोधा. वाढदिवस, गणपती, दिवाळीच्या फोटोंत मागे कोरडं छत किंवा धड भिंत दिसत असते.

• नुकसानीचे फोटो आणि व्हिडिओ. आधी पूर्ण खोली, मग जवळून. छतावर प्रत्येक बोल्ट आणि पायाजवळचा भाग. ओलीच्या कडेनं पेन्सिलनं रेघ ओढून तारीख टाका, म्हणजे ओल किती पसरली ते दिसतं.

• बिल, करार, कोटेशन, वॉरंटी कार्ड, यूपीआय किंवा बँकेची नोंद. पक्कं बिल नसेल तरी पैसे दिल्याची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं उपयोगी पडतं. चॅट डिलीट करू नका आणि मूळ फोन जपून ठेवा.

• काम करायला कोण आलं होतं, कोणत्या तारखेला, किती वेळ, याची नोंद. काम पाहिलेल्या शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र पुढे देता येतं.

• सिव्हिल इंजिनिअरचा लेखी अहवाल. सगळ्यात वजनदार कागद हाच.

इंजिनिअरला 'स्लॅब गळतोय' एवढंच लिहायला सांगू नका. कारण, नुकसानीची व्याप्ती, दुरुस्तीची पद्धत आणि अंदाजे खर्च, या चारही गोष्टी अहवालात हव्यात. कारण शोधायला पाणी साठवून चाचणी करतात. सांगाड्याच्या पायांभोवती मातीचा किंवा सिमेंटचा छोटा बांध घालून त्या भागात २४ ते ४८ तास पाणी ठेवतात आणि खाली ओल वाढते का ते बघतात. मग तीच चाचणी ड्रिल न मारलेल्या भागात करतात. एका ठिकाणी गळती आणि दुसरीकडे नाही असं दिसलं, तर 'स्लॅबच जुना आहे' हा बचाव लंगडा पडतो. शक्य असेल तर चाचणीची तारीख पुरवठादाराला आधी मेसेजनं कळवा आणि हजर राहायला सांगा. तो आला नाही तर तीही नोंद तुमच्याच बाजूची.

आधी दुरुस्ती की आधी तक्रार?

बहुतेक जण इथे अडकतात. दुरुस्ती केली तर पुरावा जातो आणि थांबलं तर घर आणखी खराब होतं.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार नुकसान मोजताना ते टाळण्यासाठी कोणते उपाय हाताशी होते, याचाही विचार होतो. म्हणजे पाणी ठिबकत असताना वर्षभर नुसतं बघत बसलात आणि नुकसान दुप्पट झालं, तर वाढलेला भाग नाकारला जाऊ शकतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी फोटो-व्हिडिओ. मग ताडपत्री टाकणं, गळणारी लाइन बंद करणं यासारखा तात्पुरता उपाय आणि त्याची पावती. त्यानंतर इंजिनिअरचा अहवाल. मग नोटीस देऊन समोरच्याला पाहणी आणि दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत. मुदत संपली तरी कोणी आलं नाही, तर स्वतः पक्की दुरुस्ती करून घ्या आणि प्रत्येक खर्चाचं बिल ठेवा. काढलेले फुटके तुकडे, सडलेली प्लाय, गंजलेला बोल्ट फेकू नका, पिशवीत बांधून ठेवा.

समोरचा दुरुस्तीला तयार झाला तर उत्तम. पण 'मुलं पाठवून सिलिकॉन मारून देतो' एवढ्यावर राजी होऊ नका. काय दुरुस्त करणार, कोणतं मटेरियल वापरणार, किती दिवसांत आणि किती काळाची हमी, हे मेसेजवर तरी लिहून घ्या. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा पाणी साठवून चाचणी करा आणि मगच 'समस्या सुटली' असं लिहून द्या.

एक सावधानता ओटीपीबद्दल. अनेक कंपन्यांचे तंत्रज्ञ निघताना ओटीपी मागतात. तो दिला की तक्रार 'निकाली' अशी नोंद होते. काम झालेलं नसेल तर ओटीपी देऊ नका. कामाच्या फॉर्मवर सही करावीच लागली तर सहीच्या वर 'गळती कायम आहे' असं लिहा.

किती भरपाई मागायची?

सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरण विरुद्ध बलबीर सिंग प्रकरणात सांगितलं की, भरपाई सरसकट एकाच दरानं देता येत नाही. प्रत्येक प्रकरणात झालेलं नुकसान बघून ती ठरवायला हवी. म्हणून 'पाच लाख द्या' असा गोल आकडा टाकण्यापेक्षा हिशोब मांडा.

उदाहरणादाखल, सहा ठिकाणी ड्रिल मारल्यानं गळती झालेल्या घराचा हिशोब असा असू शकतो:

• भोकं बंद करून त्या भागाचं वॉटरप्रूफिंग: २८,००० रुपये
• खोलीच्या छताचं प्लास्टर आणि रंग: १४,००० रुपये
• जळालेला पंखा आणि खराब वायरिंग: ६,५०० रुपये
• इंजिनिअरच्या अहवालाचा खर्च: ३,००० रुपये
• एकूण: ५१,५०० रुपये

यावर मानसिक त्रासाची रक्कम आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागता येतो. दुरुस्तीसाठी पॅनल उतरवून पुन्हा बसवण्याचं काम पुरवठादारानं मोफत करावं, हीही मागणी वेगळी लिहा. नाहीतर तो खर्च शेवटी तुमच्यावरच येतो.

दोन गोष्टी टाळा. सहा भोकांसाठी संपूर्ण गच्चीचं नवं वॉटरप्रूफिंग मागायचं असेल, तर 'तुकड्यातुकड्यानं केलेली दुरुस्ती टिकणार नाही' असं इंजिनिअरनं कारणासह लिहिलेलं हवं. आणि दहा वर्षं जुन्या वस्तूसाठी नव्या वस्तूची पूर्ण किंमत मागू नका. एक आकडा फुगवलेला निघाला की खऱ्या आकड्यांवरही शंका येते.

नोटीस कशी लिहायची?

नोटीस वकिलानंच द्यायला हवी असं नाही. साध्या मराठीत, एका पानात लिहिता येते. बिलावरच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा आणि ईमेल-व्हॉट्सअॅपवरही टाका. मजकूर साधारण असा असू शकतो:

"तुमच्या संस्थेनं दिनांक ... रोजी माझ्या घरावर ... किलोवॅटचा सोलर संच बसवला. त्यासाठी मी ... रुपये दिले. बिलाची प्रत सोबत आहे. सांगाडा बसवताना स्लॅबला ... ठिकाणी ड्रिल मारलं. दिनांक ... पासून त्या भागातून गळती सुरू आहे. सिव्हिल इंजिनिअरचा दिनांक ... चा अहवाल आणि फोटो सोबत जोडले आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पाहणी करून स्वखर्चानं दुरुस्ती करावी आणि घरातल्या नुकसानीपोटी ... रुपये द्यावेत. तसं न झाल्यास मी स्वतः दुरुस्ती करून घेईन आणि खर्च व भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन."

शिवीगाळ, धमक्या, 'तुम्हाला बघून घेतो' असलं काही लिहू नका. हाच कागद उद्या आयोगासमोर जाणार आहे. सोशल मीडियावर पोस्ट टाकायची असेल तरी घडलेलं आणि पुराव्यानिशी दाखवता येईल तेवढंच लिहा. 'चोर', 'फ्रॉड' असे शब्द वापरले तर बदनामीची उलटी नोटीस येऊ शकते.

आयोगाच्या आधी: १९१५

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. व्हॉट्सअॅपसाठी ८८००००१९१५ हा क्रमांक आहे. मराठीतही तक्रार सांगता येते. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि समेटाचा प्रयत्न करते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत अनेकदा इथेच मार्ग निघतो. पण हेल्पलाइनला भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार नाही आणि तिथली तक्रार म्हणजे आयोगातली तक्रार नव्हे. मुदतीचं घड्याळ चालूच राहतं.

जिल्हा ग्राहक आयोगात कसं जायचं?

सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. घरगुती सोलर, एसी, गिझर, किचन अशी जवळपास सगळी प्रकरणं यातच येतात. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आहे.

जुन्या कायद्यात नसलेली एक मोठी सोय २०१९ च्या कायद्यानं दिली. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. एजन्सी पुण्याची असो की कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो, पाथर्डी किंवा राहुरीच्या ग्राहकानं अहिल्यानगरच्या आयोगात दाद मागितली तरी चालते.

पण १७ हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोले, कोपरगाव किंवा जामखेडहून प्रत्येक तारखेला नगरला येणं म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. म्हणून दोन सोयी वापरा. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. आधी त्यासाठी ई-दाखिल पोर्टल होतं, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आलं आहे. आणि कलम ३८ नुसार व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं सुनावणीसाठी अर्ज करता येतो.

वकील लावणं सक्तीचं नाही. स्वतः बाजू मांडता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती, दिव्यांग आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो.

मुदत आहे दोन वर्षं. कलम ६९ नुसार ज्या दिवशी तक्रारीचं कारण घडलं, तेव्हापासून ती मोजतात. गळती उशिरा दिसली तर ती दिसल्यापासून मुदत मोजावी, असं म्हणता येतं. पण समोरचा 'काम तर फार आधी झालं' असा मुद्दा काढणारच. म्हणून काम झाल्याच्या तारखेपासूनच दोन वर्षं मोजा आणि त्याच्या आत तक्रार दाखल करा. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका.

तक्रार दाखल झाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांपुढे मुदत देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, हे गृहीत धरा. दरम्यान पावसाळा तोंडावर असेल तर कलम ३८ खाली अंतरिम आदेशाची मागणी करता येते. दोन्ही बाजू तयार असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवतो. किरकोळ रकमेच्या वादात हा रस्ता लवकर सुटका करणारा ठरतो.

आदेश आला, पण पैसे दिले नाहीत तर?

आयोग त्रुटी दूर करण्याचा, पैसे परत करण्याचा, भरपाई आणि तक्रारीचा खर्च देण्याचा आदेश करू शकतो. त्याविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. पण भरपाई द्यायचा आदेश झालेल्या पक्षाला अपील करताना त्या रकमेच्या ५० टक्के रक्कम जमा करावी लागते. त्यामुळे नुसता वेळ काढण्यासाठी अपील करणं महाग पडतं.

आदेश पाळला नाही तर कलम ७१ खाली वसुलीचा अर्ज करता येतो. कलम ७२ नुसार एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हा रस्ता कुठे चालत नाही?

• व्यावसायिक वापर: शिर्डीतल्या मोठ्या लॉजवर सोलर वॉटर हीटर बसवताना नुकसान झालं, तर ते व्यावसायिक कारण मानलं जाऊ शकतं. मग दिवाणी न्यायालय. केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी चालवलेल्या छोट्या व्यवसायाला मात्र सूट आहे.

• महावितरणचं काम: मीटर किंवा सर्व्हिस वायर बसवताना भिंतीचं नुकसान झालं, तर आधी १९१२ वर आणि स्थानिक कार्यालयात तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर वीज ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. अहिल्यानगर मंडळ महावितरणच्या नाशिक परिमंडळात येतं.

• पोलीस तक्रार: निष्काळजीपणानं झालेलं नुकसान हा बहुतेक वेळा दिवाणी वाद असतो. मुद्दाम तोडफोड, चोरी किंवा खोट्या कागदांवर फसवणूक झाली असेल तरच पोलीस ठाण्याचा रस्ता.

• गावातला मिस्त्री: पैसे घेऊन काम केलं असेल तर तोही कायद्यात येतो. पण त्याच्याकडे द्यायला पैसे आहेत का, हेही बघा. अशा वेळी लेखी समझोता करून हप्त्यानं खर्च भरून घेणं किंवा दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत तडजोड करणं जास्त व्यवहार्य असतं.

काम सुरू होण्याआधीची दहा मिनिटं

भरपाईची निम्मी लढाई काम सुरू होण्याआधीच जिंकता येते. इन्स्टॉलर दारात आला की मोबाइल काढा आणि गच्ची, छत, भिंती, टाइल्स यांचा एक सलग व्हिडिओ करा. ड्रिल कुठे मारणार, आत लाइन किंवा वायर आहे का, हे विचारा. माहीत असलेल्या लाइन खडूनं दाखवून द्या. सोलरसाठी 'ड्रिल न मारता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा बसेल का' हे आधीच विचारा. स्लॅबला वजन झेपेल का, वाऱ्याला सांगाडा टिकेल का, याचं उत्तर लेखी घ्या.

कोटेशनमध्ये एक ओळ वाढवून घ्या: "बसवताना घराचं नुकसान झाल्यास दुरुस्ती पुरवठादार स्वखर्चानं करील." शेवटचा काही हिस्सा काम तपासल्यावर द्यायचा, हेही तिथेच ठरवा. आणि काम झाल्यावर पावसाची वाट बघू नका. त्याच आठवड्यात सांगाड्याच्या पायांभोवती पाणी साठवून दोन दिवस खाली ओल येते का ते बघा. सप्टेंबरमध्ये कळणारी गोष्ट जानेवारीतच कळली, तर बोल्ट आवळणारी मुलं अजून तालुक्यातच असतात आणि शेवटचा हप्ता तुमच्याच हातात असतो.